बोटीवर पाठवलेला अंगठा

कळव्याच्या घरी माझ्या टेबलाच्या डाव्या खणात एक स्टॅम्पपॅड असे. मी माझ्या पुस्तकांवर नावाचा शिक्का मारायची, त्यासाठी आणलेला. पण त्याची शाई पुस्तकांपेक्षा जास्त खर्च झाली ती आमच्या कोळीणमावशीच्या अंगठ्यावर.

मावशी खाडीकाठच्या कोळीवाड्यातून आठवड्यातून तीनदा आमच्या इमारतीत मासळी घेऊन येई. तिचा एकुलता एक मुलगा मालवाहू बोटीवर खलाशी होता. दोन वर्षं खेटे घातल्यावर ती नोकरी मिळाली होती. त्याला पत्र लिहायचं काम माझ्याकडे. पाटी बाजूला ठेवून ती दारात बसायची, सांगायची, मी लिहायची आणि शेवटी ती डावा अंगठा पॅडवर दाबून कागदावर उठवायची. घरच्या पत्राला अंगठा कशाला, असं मी एकदा विचारलं.

"कागद तुजा, अक्षर तुजा. मग माजा काय गेला त्यात?"

मी पॅड तिच्यापुढे सरकवलं.

नव्वदच्या सुमारास जवळच्या शाळेत संध्याकाळी बायकांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. मावशी गेली आणि चार महिन्यांत सही शिकली. शेवटच्या दिवशी मीही बघायला गेले होते. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना उजवा हात पुढे करायला लावला आणि वदवून घेतलं, की यापुढे अंगठा लावणार नाही.

त्यानंतरच्या पत्राखाली मावशीने सही केली. जीभ दातांत धरून, सावकाश. खाली एक रेघ. ती सही शिकली, हे मी पत्रात लिहायला निघाले, तर तिने माझा हात धरला.

"नको लिवू. त्याला दिसू दे. उडीच मारंल."

तो उडी मारायला निघाला खरा, पण बोटीवरून. त्या पावसाळ्यात मावशीला कावीळ झाली होती आणि ते त्याला कोणीतरी कळवलं होतं. आमच्या पत्रात होतं, "मी आता ठणठणीत आहे." दीड महिन्याने त्याचं उत्तर आलं. मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं. "माझ्या आईला सही येत नाही. ही सही कोणाची? आई आहे की नाही, ते खरं सांगा. असेल तर तिचा अंगठा पाठवा. दिवाळीपर्यंत आला नाही, तर बोट सोडून मी घरी येतो."

बोट अर्ध्यावर सोडणाऱ्याला पुन्हा कोणी घेत नाही, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. मी लगेच खण उघडला.

"ते आत ठेव. मी अंगठा नाय लावायची."

"अगं, मुलगा नोकरी सोडून येतोय!"

"मग त्याला सांग, सही माजीच हाय."

"मी सांगून कसं पटेल? मीच खोटं लिहिते असं वाटतंय त्याला."

"बाईंसमोर शपत घेतली मी. टाळ्या कुनी वाजवल्या? तूच ना?"

वाजवल्या होत्या. मावशीने पाटी डोक्यावर घेतली आणि ती जिना उतरली. एका मजल्यावरून परत आली.

"बाय, लग्नात करवली बसते ना नवरीच्या बाजूला? तसा बसव अंगठा. नवरी सहीच."

मी आधी कोऱ्या कागदावर तीन ठसे घेऊन पाहिले. तिन्ही नुसते निळे डाग. मी भिंग लावलं. हल्ली तुम्ही मुलं बोट टेकवून फोन उघडता. मावशीच्या बोटाने तुमचा एकही फोन उघडला नसता. कोळंबी सोलून सोलून अंगठ्याच्या रेघा पार झिजल्या होत्या.

"यात त्याने ओळखायचं काय?" मी विचारलं.

तिने डागातून तिरकी गेलेली बारीक पांढरी रेघ दाखवली. मुलगा पाच वर्षांचा असताना ती मोरलीवर, म्हणजे विळीवर, मासळी कापत होती; त्याने मागून येऊन तिला ढकललं आणि पातं अंगठ्यात गेलं. "रडला तो, मी नाय. त्याला ठावं हाय."

अंगठा उठला, शेजारी सही झाली, आणि मी स्वतः मुंबईला जाऊन ते पत्र त्याच्या कंपनीच्या कचेरीत दिलं. पुढे मावशी दारात आली की मासळीचं नाव घेण्याआधी विचारायची, "आला?" दिवाळी आली, तरी पत्र नाही. मुलगाही आला नाही, तेवढाच धीर. तुळशीचं लग्न झाल्यावर एकदाचं पत्र मिळालं. "अंगठा ओळखला. बोटीवरच राहतो. सही मित्रांना दाखवली. फक्त खालची रेघ वाकडी आलीय, ती सरळ काढ."

मावशी पदराने डोळे पुसत हसली, आणि मग तिला राग आला.

"लिव! मेल्या, बोट तुजी डोलते, म्हनून तुला वाकडी दिसते. माजी रेघ सरळ हाय."

मी लिहिलं. तिने खाली सही केली, नेहमीपेक्षा मोठी. रेघ याही वेळी वाकडीच आली. मी पाकीट चिकटवलं.