धडधाकट गटातला गुडघा

थेरगावची करुणा इंजिनिअर. गुडघ्याच्या आतले, हाडं जोडून धरणारे अस्थिबंध किती ताण सोसतात, यावर तिचं संशोधन चाललेलं. तुलनेसाठी साठीतले धडधाकट गुडघे हवे होते, म्हणून तिने वडिलांनाच, ज्ञानदेवांना, ताण मोजायच्या यंत्रावर बसवलं. ते चाकणच्या एका कारखान्यात, पत्रे दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं उभ्याने राबलेले.

"गुडघा कधी दुखतो का?" हातातला फॉर्म भरत तिने विचारलं.

"छे! ठणठणीत हाय."

डाव्या गुडघ्याचा आकडा मात्र भलताच आला. यंत्रच बिघडलंय, असं या शहाणीने ठरवलं आणि तो आकडा खुशाल खोडून टाकला.

महिन्याभराने जिना उतरताना त्याच गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, "अस्थिबंध तुटून दहाएक वर्षं झालीत."

"पप्पा, मला का नाही सांगितलंत?"

"कंपनीच्या मेडिकल तपासणीला दरसाल 'ठणठणीत हाय' हेच सांगायचो, पोरी. दुखतं म्हटलं की कंत्राटी माणूस घरी. तू फॉर्म घेऊन विचारलंस, तोंडातून तेच निघालं."

करुणाची मान वर होईना. दहा वर्षं ते डावा पाय लांब करूनच जेवायला बसत होते, आणि रोज ती त्यांच्या शेजारीच जेवत होती.