गर्डरवरचा झोपाळा

जूचंद्र गावचा तो वेल्डर कामाच्या तंद्रीत "मधी आय-गर्डर, कडंला चॅनल" असं पुटपुटायचा आणि चढवलेल्या प्रत्येक लोखंडी गर्डरला आधी स्वतः लोंबकळून बघायचा.

ऐंशी सालच्या सुमारास वाळवीनं खाल्लेली आमची लाकडी तुळई काढून त्यानं गर्डर बसवला. तुळईबरोबर तिचा झोपाळाही गेला म्हणून आई रुसलेली. कुणी न सांगताच त्यानं गर्डरला दोन हुक वेल्ड केले, जुना झोपाळा टांगला, हुकांना तेल घातलं.

आई बसली आणि म्हणाली, "मेला कुरकुरत नाही. घर मुकं वाटतं."

तो हसला नाही. शिडीवर चढून त्यानं बाहीनं सगळं तेल पुसून काढलं.

"आता बस गो, काकी."

आई जाऊन कैक वर्षं झाली. त्या हुकांना मी अजून कुणाला तेल घालू देत नाही.