शकूताई आणि नानांचा देव

मनमाड स्टेशनात माझी दुपारची पाळी चालू होती. नाशिकरोडहून रेल्वेच्या फोनवर निरोप आला, तुमची बहीण गेली. सांगणाऱ्याने पुन्हा विचारलं, "ऐकलंत ना?" मी हो म्हणालो आणि खिडकीपुढच्या माणसाला नेहमीसारखं तिकीट फाडून दिलं... कावीळ आहे, उतरेल, असं सगळेच म्हणत होते. ती उतरली नाही. आता महिना उलटून गेला. शकूताईबद्दल लिहायला बसलं की रडू येतं खरं, पण त्याहून जास्त ऊर भरून येतो. तिलाही तेच चाललं असतं, रडक्या माणसांचा तिला फार कंटाळा होता.

मखमलाबादच्या रस्त्याला आमची गुलाबाची बाग. देशी गुलाब, दिसायला बेताचा, वासाला दांडगा. नाना, म्हणजे आमचे वडील, पहाटे फुलं तोडून टोपल्या सायकलवरून बाजारात न्यायचे. ते परतले की त्याच सायकलवर टांग टाकून ताई कॉलेजात जायची. सत्तरच्या दशकात आमच्या भावकीत मुलीने सायकल चालवणं हाच चर्चेचा विषय होता, आणि ही तर माकडाचा माणूस कसा झाला ते शिकून आली. पुढे मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. आमच्या घरातली ती पहिली पदवीधर, हे मी गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत आलो आहे.

नाना भजनी माणूस. त्यांचं साधं म्हणणं होतं, की गूळ गोड लागतो, गुलाब नाकाला बरा वाटतो, ही देवाने ठेवलेली खूण आहे. सुख झालं की माणसाला त्याची आठवण व्हावी. ताईचं म्हणणं, ज्या माकडांना गोड फळ आवडलं ती जगली, ज्यांनी कडू खाल्लं ती मेली, आपण जगलेल्यांची पोरं. "मंग तुझा नाना माकड का?" नाना विचारायचे. "नानांचे नाना," ती भाकरी मोडत म्हणायची. एकदा नानांनी तिला भजनावरून अडवलं. भजनाने पोट भरत नाही, मग ते गोड का लागतं? तर एकत्र गाणारी टोळी संकटात एकत्र राहते म्हणून, हे उत्तर हिच्यापाशी तयार. "सगळं खिशातच घेऊन हिंडती ही," नाना मला म्हणायचे, आणि गालात हसायचे. गंमत म्हणजे सुखाची हौस ताईला सगळ्यांत जास्त. एकादशी कधी धरली नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीची पहिली बशी तिची.

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. हिवाळ्यात नानांना मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. जेवण मातीसारखं लागायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, नाकातली नस गेली, ती काही परत येत नाही. नानांनी मात्र वेगळाच अर्थ लावला. फुलं बाजारात नेण्याआधी प्रत्येक टोपलीतली ओंजळभर उचलून नाकाशी धरायची, ही त्यांची जन्माची सवय. वासावरूनच ते माल पारखायचे. आणि हुंगलेलं फूल देवाला वाहत नाहीत, हे तर आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. "जन्मभर देवाला उष्टी फुलं पोचवली म्या. त्यानं नाकच काढून घेतलं," ते म्हणाले. त्यांनी टाळ खुंटीला अडकवले आणि बाग उपटायची ठरवली. मला रजा टाकून कुदळीला यायला सांगितलं.

मी आलो. मला वाटलं, आता ताई जिंकणार. नानांचा देव असा मोडकळीला आलेला, हिने फक्त एक धक्का द्यायचा. ती सकाळीच नानांना बागेत घेऊन गेली आणि एका झाडापाशी बसवलं. उमललेल्या गुलाबात मधमाशी शिरली होती. ताई म्हणाली, "नाना, हिनं तुमच्या आधी हुंगलंय. रोजच हुंगते. वास सुटतो तो हिच्यासाठी. तुम्ही कुणाचंच काही उष्टं केलं नाही."

नाना त्या माशीकडे बघत म्हणाले, "मंग मला का आवडायचा गं? मला काय मध करायचा होता?"

मी ताईच्या तोंडाकडे बघत होतो. उत्तर तयार असणारच. तिने तोंड उघडलं आणि मिटलं... "ते मला माहीत नाही, नाना," ती म्हणाली. "पण ज्यानं ही आवड दिली, तो तुमचा देव असो नाहीतर आणखी काही, तो आवडलं म्हणून शिक्षा करील, हे मला पटत नाही."

नानांनी मला कुदळ ठेवून यायला सांगितलं. त्या आठवड्यात ते पुन्हा भजनाला गेले. ताईने तिचं मत तिळभर बदललं नाही, पुढच्याच एकादशीला माकडं परत आली, खिचडीसकट. पण त्या सकाळी जिंकायचं तिच्या हातात होतं आणि ती जिंकली नाही. तिच्या पदवीचा मला अभिमान आहेच, पण त्या "माहीत नाही"चा त्याहून जास्त आहे. नाना एकदा म्हणाले होते, "शकूला देव नाय, पण माझा देव तिनं राखला."

नाना अजून आहेत. लेक आधी गेली, आणि त्यांनी याबद्दल देवाला बोल लावलेला मी ऐकला नाही. तेराव्याला ताईच्या फोटोला वाहायला त्यांनी बागेतून गुलाब आणला आणि सगळ्यांदेखत नाकाशी धरला. वास काही कळत नसताना डोळे मिटून लांब श्वास घेतला. आत्या बाजूला बसली होती, ती हळूच म्हणाली, "नाना, हुंगू नका, वाहायचंय ना ते."

"तिला हुंगलेलंच पाहिजे," नाना म्हणाले, आणि फूल फोटोपुढे ठेवलं.