खवले मांजर आणि माझी तीन सेकंदांची ट्रिक

क्लासच्या संचालकांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "सर, हे पिल्लू काय करून राहिलंय ते जरा सांगा."

व्हिडिओत एक खवले मांजर होतं. नाकापासून शेपटीपर्यंत जाड खवल्यांनी झाकलेलं. शेपटीवर बसलेलं त्याचं पिल्लू खाली उतरलं, आईच्या छातीशी गेलं आणि तोंड लावून बसलं.

"नीट दिसत नाही," मी म्हणालो. मला अगदी नीट दिसत होतं.

समोर सुवर्णा बसली होती, आमच्या लातूरच्या क्लासची विद्यार्थिनी. शेजारी तिचे वडील. ते इस्लापूरकडच्या जंगलात वनमजूर होते आणि पहाटेची एसटी धरून आले होते.

"दूध पिऊन राहिलंय सर," ते म्हणाले. "कोरड्या विहिरीत पडलं होतं. आम्हीच वर काढलं, म्याच शूटिंग केलं."

प्रकरण एका मार्काचं होतं. स्पेशल बॅचमध्ये साठ जागा होत्या आणि सुवर्णाचा नंबर एकसष्टावा लागला होता. प्रश्न माझा होता. 'सस्तन नसलेला प्राणी ओळखा: १. वटवाघूळ २. देवमासा ३. खवले मांजर ४. यापैकी एकही नाही.' की, म्हणजे उत्तरतालिका, तीन सांगत होती. सुवर्णानं चार लिहिलं होतं. बाकी बहुतेकांनी तीन लिहिलं होतं, कारण मी तसंच शिकवलं होतं.

इथं माझ्या ट्रिकबद्दल सांगायला हवं. सस्तन प्राणी ओळखायच्या खऱ्या खुणा अशा: मादी पिल्लाला दूध पाजते, अंगावर थोडे का होईना केस असतात, रक्त उष्ण असतं, कानात तीन इवलीशी हाडं असतात. त्यांचे गट तीन. अंडी घालणारे, पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणारे आणि आपल्यासारखे, गर्भाशयात वारेच्या आधारानं पिल्लू वाढवणारे. पण परीक्षेत एवढा विचार करायला वेळ कुणाला असतो? म्हणून मी तीन सेकंदांची ट्रिक काढली होती. केस दिसले की सस्तन, पिसं दिसली की पक्षी, खवले दिसले की सरपटणारा. वटवाघूळ आणि देवमासा तेवढे अपवाद म्हणून पाठ करायचे. ही ट्रिक नांदेडच्या झेरॉक्स दुकानांपर्यंत पोचली होती. मला तिचा फार अभिमान होता.

"पण याला खवले आहेत," मी शेवटचा प्रयत्न केला.

"हायत की. पर पोटाला केसं बी हायत. तुमी उलटं करून बघितलं न्हाई का?"

मी सुलटंसुद्धा बघितलं नव्हतं. सगळी ओळख पुस्तकातल्या चित्रावरची, आणि चित्र एका बाजूचंच असतं. ते खवलेसुद्धा आपल्या नखांच्याच पदार्थाचे असतात, हे मी एके काळी स्वतः शिकलो होतो. ट्रिक सापडल्यावर विसरलो.

सुवर्णा हळूच म्हणाली, "सर, मी वर्गात विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, गावाकडच्या गोष्टी पेपरात लिहायच्या नाहीत."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी जे बोललो, ते आज लिहून ठेवतोय.

"मी चारच लिहिलं होतं," मी म्हणालो. "टायपिंगमध्ये तीन झालं असेल."

आमचं टायपिंग शिवप्पा करत. निलंग्याचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. त्यांचा एक नियम होता. कागदावर असेल ते टाइप करायचं, पदरचं काही घालायचं नाही, आणि हस्तलिखित वर्षभर फायलीत जपायचं. बोलावल्यावर ते ती फाइल घेऊनच आले. तिच्यात माझ्याच अक्षरात तीन लिहिलेलं होतं.

"शिवप्पा, कीमध्ये चाराचं तीन कसं झालं? आणि नोट्समध्ये 'खवले दिसले की बहुधा सरपटणारा' असं होतं. 'बहुधा' कुठं गेलं?" मी विचारलं. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

शिवप्पांनी फाइल उघडली. पान पाहिलं. मला पाहिलं. फाइल मिटली.

"व्हय सर. माझ्याच हातून झालं असंल."

निर्णय झाला. सुवर्णाला मार्क मिळाला. छपाईची चूक म्हणून तीन लिहिणाऱ्यांचाही राहू दिला. ती साठाव्याच्या बरोबरीला आली आणि स्पेशल बॅचमध्ये एकसष्टावी खुर्ची लागली. तिचे वडील जाताना माझ्या पाया पडू लागले. मी पाय मागे घेतले. त्यांना तो माझा विनय वाटला.

चूक शिवप्पांची नव्हती, माझी होती. हुकूम मात्र त्यांनाच निघाला, यापुढं प्रत्येक पानावर सरांची सही घ्यायची. मी निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो काटेकोर पाळला. मी जेवायला बसलो की ते दारात उभे.

"सर, हितं 'कांगारू उड्या मारतो' लिवलंय. तसंच टाकू? का 'बहुधा' मारतो?"

चेहऱ्यावर रेषा हलायची नाही. मी हात धुवून सही करायचो.

इथपर्यंतचा मजकूर मी हातानं लिहिला आणि टायपिंगला मुद्दाम शिवप्पांकडेच निलंग्याला पाठवला. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

"सर, सातव्या पानावर 'चूक शिवप्पांची नव्हती, माझी होती' असं लिवलंय."

"हो."

"तसंच टाकू?"

"तसंच टाका."

"बहुधा न्हाई ना?"

"नाही."

मग ते म्हणाले, "त्या पानावर सही ऱ्हायलीय. पाठवून देतो."

सही करून पान परत पाठवलं आहे. वाचकांना इतकंच सांगतो की कोणताही प्राणी कोणत्या गटातला हे ठरवण्याआधी तो एकदा उलटा करून पाहावा. मास्तरही.