जित्या माणसावर शंख

मी माझ्या सख्ख्या चुलत्याला ओळख दाखवली नाही. हे बायकोलाही सांगितलेलं नाही. आज लिहितो.

दुष्काळाचं साल. मुखेडच्या बाजूला एका माळावर, भर उन्हात, काळे पडदे लावून रात्र उभी केलेली. भुतांचा विनोदी सिनेमा. भुताच्या कामासाठी आणलेले चुलते समोर उभे. अंगावर रोजचाच मागायला जायचा पोशाख. डोक्याला मोरपिसं, कपाळाला भस्म, हातात घंटा आणि शंख.

दिग्दर्शक म्हणाला, "ह्याला मेकअप नको. असाच भूत आहे."

सगळे हसले. मीही हसलो.

आम्ही मसणजोगी. मसणवट्याच्या कडेला राहणारे, घरात तेलुगू बोलणारे. मी शिकलो, अहमदपुरात मास्तर झालो. तिथं भाड्यानं खोली घेताना जात लपवली, ती लपवलेलीच राहिली. सिनेमावाल्यांना इकडची बोली शिकवायला माणूस हवा होता. मी गेलो.

पहिल्या दिवसापासून मनात खटकत होतं. नायक पुण्यासारखा बोलणार, नायिकाही. "लई", "न्हाई", "मरायलो" हे फक्त नोकराच्या आणि भुताच्या तोंडी. का, ते मी विचारलं नाही. नवा जिल्हा होणार, अशी हवा होती. सिनेमात तालुका दिसला की जिल्हा आपलाच, असं पानटपरीवर चालायचं. सिनेमाच्या धुळीवर पाणी मारायला टँकर यायचा. आमच्या पालांकडं वळायचा नाही. तेही पाहिलं. बोली शिकवत राहिलो.

प्रसंग असा. तिरडीवर एक नट जिवंत झोपलेला. चुलत्यांनी शंख फुंकायचा, मग त्यानं दचकून उठून पळायचं.

"जित्या माणसावर शंख फुंकत न्हाईत आमच्यात," चुलते म्हणाले. "मेल्यावरच फुंकतेत. त्याच्या जीवाला वाट घावावी म्हणून."

"अहो आजोबा, कॉमेडी आहे ही!" दिग्दर्शक माझ्याकडं वळला. "सर, समजवा ना ह्यांना."

घरात मी त्यांना पेदनान्ना म्हणतो. थोरला बाप. त्यांच्याशी जन्मात कधी मराठीत बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"फुंका हो बाबा. सिनेमाच तर हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एका शब्दात मला उघडं पाडता आलं असतं.

"सर म्हणतेत तर फुंकतो," ते म्हणाले.

फुंकला. नट पळाला. हसणं.

"वा! अजून एकदा. आता जीभ बाहेर काढा, डोळे वटारा."

पेदनान्नांनी शंख उचलला, परत खाली घेतला. ओठाला लावेनात. लोक त्यालाही हसले.

मी पुढं झालो. शंख त्यांच्या हातातून घेतला. "पेदनान्ना, पदा. इंटिकि पोदाम." चला, घरी जाऊ.

दिग्दर्शक पुढं आला. "म्हणजे... सर, तुम्ही पण?"

"हाव. मी पण. अन् तुमच्या भुताला शिकवली ती बोली माझ्या वस्तीची हाय."

पण पहिला शंख सिनेमात राहिलाच. नांदेडला जाऊन पाहिला. थेटर हसत होतं. मी दुसरंच शोधत होतो. आमचा माणूस त्यात जिता कुठंच नव्हता. बाजारात नाही, शाळेत नाही, चहाच्या हॉटेलात नाही. होता तो मसणात, भ्या दाखवायला.

परवा फोन आला. दुसरा भाग काढतायत. "ह्यावेळी तुमच्या समाजाला न्याय देणार, सर."

"त्यात आमचा माणूस मरायच्या आधी दिसतो का?" मी विचारलं.

"स्क्रिप्ट बघून सांगतो."

अजून सांगितलेलं नाही. तसा माणूस लिहिल्याशिवाय एक शब्द शिकवणार नाही.

सिनेमावाल्यांचा हिशेब झाला. माझा नाही. त्या माळावर ओळख सांगितली, पण तिथं सगळे परके होते. ते निघून गेले आणि मी अहमदपुरात परत तोच, जात नसलेला मास्तर. पेदनान्नांची माफी मी पालात मागितली, आपल्या भाषेत, कुणी ऐकत नसताना. "जाऊ दे," म्हणाले. त्यांनी जाऊ दिलं. मी देणार नाही. ओळख चारचौघांत नाकारली होती. त्यांना त्याच पोशाखात माझ्या शाळेच्या फाटकातून आत न्यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, हा माझा थोरला बाप. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.