चौथ्यांदा हरवलेलं पाकीट

सुदर्शन वानखडे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला लागले, ही बातमी कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत आधी कुणी फोडली ते विचारू नका. पण जिन्यात भेटेल तो "काय सुदर्शनराव, सासर बदललं की काय?" असं विचारू लागला, एवढं खरं.

खरं कारण फक्त त्यांच्या बायकोला, नम्रताला, ठाऊक होतं. खराडीच्या ज्या कंपनीत ते एकोणीस वर्षं विम्याचे इंग्रजी कागद तपासत होते, तिथला तो विभागच डिसेंबरात बंद झाला. एका दुपारी बत्तीस माणसं घरी गेली. सुदर्शनरावांना मेक्सिकोच्या कामावर ठेवून घेतलं, पण अट घालून. एप्रिलात स्पॅनिशची तोंडी परीक्षा पास व्हायची, नाहीतर तेहेतिसावे आपण. मुलगी बारावीला. नकार कुठल्या तोंडानं देणार?

तेव्हापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी हे गृहस्थ शनिवार पेठेत, एका चष्म्याच्या दुकानावरच्या माडीवर, विशीतल्या पोरापोरींमध्ये बाकावर बसायचे. त्यातली निम्मी पोरं त्यांच्याच कंपनीत चिकटू पाहणारी. शिकवणारी वल्लरी तिशीच्या आतली, पण जीभ चार पिढ्या पेठेत परजलेली.

गाडं अडलं ते भूतकाळात. स्पॅनिशला ते मुख्य दोन. घडून संपलं त्याला इंदेफिनिदो. नेहमी व्हायचं, किंवा तेव्हा चाललेलं होतं, त्याला इम्परफेक्तो. 'तो आला' वेगळं आणि 'तो यायचा', 'तो येत होता' वेगळं. मराठी माणसाला यात अवघड ते काय? पण सुदर्शनराव वाक्य आधी इंग्रजीत जुळवायचे, मग ते स्पॅनिशमध्ये लोटायचे, आणि वाटेत काळ सांडून जायचा.

"काका," वल्लरी म्हणायची, "तुमचं पाकीट तीन आठवडे पडतंच आहे. ते जमिनीला टेकणार कधी?"

पाकिटाची भानगड अशी. 'आयुष्यातला एक प्रसंग सांगा' हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न. म्हणून वल्लरीनं सगळ्या वर्गाला एक प्रसंगच बेतून दिला होता. वेंगुर्ल्याचा किनारा. ऊन होतं, वारा वाहत होता, मुलं खेळत होती. हे सगळं इम्परफेक्तो. तेवढ्यात पाकीट पडलं, म्हातारा कोळी धावत आला, त्यानं ते परत दिलं, हे इंदेफिनिदो. एकाही क्रियापदाला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. सुदर्शनरावांनी ते स्तोत्रासारखं पाठ केलं. भाजी निवडता निवडता ऐकून नम्रतालाही पाठ झालं.

"अहो, पण वेंगुर्ल्याला आपण गेलो कधी?"

"पास झालो की जाऊ."

त्या चार महिन्यांत वरुडच्या नागोरावचे सहा फोन येऊन गेले. नागोराव म्हणजे ऑफिसातला शेजारी, बत्तिसांतला एक. सुदर्शनरावांनी एकही उचलला नाही. नम्रतानं विचारलं, तर म्हणाले, "अभ्यास चाललाय."

परीक्षेच्या दिवशी कंपनीतच, सातव्या मजल्यावर काचेच्या खोलीबाहेर त्यांना पाऊण तास बसवून ठेवलं. आतून एकेक पोरगं निघत होतं आणि कुणाकडेही न बघता थेट लिफ्ट गाठत होतं. सुदर्शनराव वेंगुर्ल्याचा किनारा मनात घोकत होते.

आत परीक्षा घ्यायला मेक्सिकोहून आलेल्या गोमेसबाई. दहा मिनिटांचं घड्याळ लावलेलं.

"एक प्रसंग सांगा."

वारा वाहू लागला. मुलं खेळू लागली. एकही चूक नाही. पाकीट आता पडणार, तोच बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणि म्हातारा कोळी ते परत आणून देतो," बाई म्हणाल्या. "सकाळपासून हे पाकीट चौथ्यांदा हरवलंय. आधीच्या तिघांना मी नापास केलं. तुमचं स्वतःचं काही असेल तर सांगा. सहा मिनिटं उरलीत."

सुदर्शनरावांच्या डोक्यात अंधार झाला. इंग्रजी वाक्य शोधायला गेले, तर तेही पसार. त्यांनी काचेबाहेर पाहिलं. तिथे त्यांचं जुनं टेबल दिसत होतं. डिसेंबरात बत्तीस जणांना एकेक करून याच खोलीत बोलावलं होतं. आणि मनात वाक्य आलं ते थेट मराठीत.

"नागोराव माझ्या शेजारी बसायचा," ते स्पॅनिशमध्ये म्हणाले. "हिवाळ्यात घरच्या बागेतली संत्री आणायचा. त्या दिवशी तो संत्रं सोलत होता."

तिन्ही क्रियापदं आपापल्या जागी बसली. त्यांना कळलंही नाही.

"त्याचं नाव पुकारलं. तो उठला. इथे आला."

इथे मात्र ते अडले. कंपनीनं माणसं कशी काढली, हे कंपनीच्याच परीक्षेत सांगायचं? घड्याळात तीन मिनिटं.

"मग?"

"बाहेर आला. बॅग उचलली. गेला."

"आणि संत्रं?"

हे त्यांनी नम्रतालाही सांगितलं नव्हतं.

"अर्धं सोललेलं टेबलावर होतं. तो आत होता. पुढचं नाव माझं असेल असं वाटत होतं." त्यांनी पुन्हा काचेबाहेर पाहिलं. "आणि मी ते खाल्लं. सगळं. तो परत आला तेव्हा तिथे नुसत्या साली होत्या. त्यानं बघितलं. बॅग उचलली."

घड्याळ वाजलं. बाई बराच वेळ लिहीत राहिल्या.

"दोन क्रियापदांत चुकलात," अखेर म्हणाल्या. "पास होण्यापुरतं आहे. पुढच्याला पाठवा."

घरी दार उघडता उघडता नम्रतानं विचारलं, "सापडलं का पाकीट?"

"पास झालो," एवढंच म्हणून त्यांनी चपला काढायच्या आधी फोन लावला.

"चार महिन्यानं आठवण आली का बे?" पलीकडून नागोराव.

"नागोराव, तुझं संत्रं त्या दिवशी मी खाल्लं होतं."

"माईत हाय मले. गोड होतं का नाही, थे सांग."

सुदर्शनराव दारातच उभे राहिले. काही केल्या त्यांना चव आठवेना.