मोहोळच्या अलीकडे आलेला जळका वास

टेंभुर्णी मागे पडून बराच वेळ झाला होता, तेव्हा पहिल्यांदा वास आला. मागच्या सीटवर आबा आडवे, डोकं आईच्या मांडीवर, तोंडावर मास्क, पायाशी ऑक्सिजनची छोटी टाकी. खडी क्रशरवरची धूळ जन्मभर गिळून माझ्या वडिलांची फुप्फुसं कामातून गेली होती. त्या दिवशी सकाळपासून त्यांचे ओठ निळे पडायला लागले. गावातले डॉक्टर म्हणाले, सोलापूरला हलवा. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. "तुमच्याच गाडीतून न्या. टाकी जेमतेम पुरेल, वाटेत थांबू नका."

आणि हा वास.

"पोळ्या करपल्या व्हय गं?" आबा मास्कमधून म्हणाले.

"बोलू नगासा तुमी," आई म्हणाली. ती हसली नाही.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो, आणि या गोष्टीचा मला गर्व आहे. तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. त्यामुळे घाबरायच्या आधी मी तपासायला लागलो. हँडब्रेक ओढलेला राहिला का? नव्हता. क्लचचा वास मला माहीत आहे, तो हा नव्हे. इंजिनाच्या तापमानाचा काटा जागेवर. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. उन्हाची झळ आत आली, वास गेला नाही. वायर जळाली की प्लॅस्टिकचा वास नाकाला टोचतो. हा तेलकट होता, कडवट, फडकं जळाल्यासारखा. ट्रकमागे गाडी हळू झाली की वाढायचा, वेग घेतला की कमी व्हायचा. म्हणजे बॉनेटखाली, कुठल्यातरी तापलेल्या भागावर काहीतरी पडलं होतं. वेगात वारा फक्त वास उडवून नेत होता. जळणारं जळतच होतं.

इथं माझं शिकणंच माझ्या मुळावर आलं. विझत आलेली काडी ऑक्सिजनच्या नळीत घातली की कशी भडकते, ते मी कॉलेजात स्वतःच्या हातानं करून पाहिलं होतं. तोच ऑक्सिजन आता आबांच्या तोंडाशी होता. न शिकलेला माणूस अशा वेळी देवाचं नाव घेऊन गाडी दामटतो. मला तेही जमेना.

"आई, थांबावं लागंल."

"थांबायचं न्हाय म्हनलंय डाक्टरनं!"

"वास येतोय की."

"कसला वास? चल तू."

तिच्या नाकाला काय झालं होतं, मला कळेना. आबांना येत होता, मला येत होता. तेवढ्यात बॉनेटच्या कडेतून धुराची बारीक रेघ निघाली. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"आधी आबांना बाहेर काढू."

"आरं मारतोस का त्यांना उन्हात!"

बाभळीची विरळ सावली होती. मी आबांना काखेत हात घालून उचललं, आईनं टाकी छातीशी धरली. आबांचं वजन काहीच लागलं नाही. टाकीवरचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता. मी रस्त्यावर हात केला. एक जीप हळू झाली, धूर बघितला आणि निघून गेली.

बॉनेट उचललं. धूर इंजिनाच्या मागच्या बाजूनं येत होता, पण कशातून येतोय ते दिसेना. मी आत हात घालणार तेवढ्यात आई बाभळीखालून किंचाळली, "हात लावू नगंस! उतंल! बिब्बा हाय त्यो!"

"काय?"

"सायलेन्सरच्या पायपापाशी बघ. काळ्या फडक्यात बांधलाय. तू म्होरलं लिंबू-मिरची काढून टाकलंस. म्हनलास, शिकल्याल्या मानसाच्या गाडीला ह्ये शोभत न्हाय. मंग मी आत बांधला. कुनाला दिसू नये म्हून."

गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा; त्याचं तेल कातडीला लागलं की फोड उठतात. वरच्या नळीला दोऱ्यानं बांधलेला. दोरा उष्णतेनं तुटला आणि पुरचुंडी तापल्या पाइपावर पडून तेल सोडत होती. चाकाच्या पान्यानं ती ओढून काढली, पाइपाला चिकटलेलं फडकं खरवडलं, जवळच्या वायरी एकेक करून पाहिल्या. एकीचं वेष्टण मऊ झालं होतं, आतली तार शाबूत होती. इंजिन चालू करून बॉनेट उघडंच ठेवलं आणि पाहत राहिलो. उरलेलं तेल जळून गेलं. धूर थांबला. मागे आबांचा श्वास करवतीसारखा वाजत होता.

आबांना आत घेतलं आणि गाडी हाणली. मोहोळ कधी गेलं कळलं नाही. सोलापूर दिसायला लागलं तेव्हा आई मागून म्हणाली, "काटा पार खाली गेला रं." मग म्हणाली, "अवो, डोळं उगडा की." आबांनी उघडले की नाही, ते मला आरशात दिसेना. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

दवाखान्याच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, भिंतीतल्या ऑक्सिजनला जोडलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही, एकानं जवळ थांबा.

आई बाहेर पायरीवर बसली होती, पदर तोंडात धरून. आत यायला तयार नव्हती.

"मी न्हाय यायची. माजा हात लागला की वंगाळच हुतंय."

बिब्ब्यानंच आपल्याला पोचवलं, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं माझ्या तोंडून निघेना, आणि खरं काय ते तिला आधीच कळलेलं होतं.

"आई, ऊठ," मी म्हणालो. "ते मास्क ओढून काढतायत. माझं ऐकंनात."

एवढं मात्र खरं होतं. ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या पुढं चालायला लागली. आत गेल्यावर तिनं आबांचा हात मास्कवरून काढला आणि दोन्ही हातांनी खाली दाबून धरला.

"गप पडा," ती म्हणाली. "लई झालं तुमचं."

आबांनी हात सोडवून घेतला नाही.